आत्याबाईंसमोर खुर्ची

अंबाबाईंनी पांढुर्ण्यातल्या त्या घरावर हुकमत चालवली, त्यांच्यामागे सून कलाबाईंनी, आणि कलाबाईंच्या मागे त्यांची सून सुशीलाबाईंनी. तिघींपैकी कोणीही सुनेला आपल्यासमोर उंच आसनावर बसू दिले नाही, आणि घर नीट चालले. चौथी, सुशीलाबाईंची सून वत्सला. सन चौऱ्याऐंशीत ती नागपूरहून संस्था चालवण्याचे शिक्षण घेऊन आली. कापूस वेचणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढायचेच, हा तिचा निश्चय होता. बाजारातली रिकामी खोली नगरपालिका द्यायला तयार होती. फक्त तिच्या महिला मंडळाची सभा रीतसर चालते, हे नगरपालिकेचे कारकून केशवरावबाबूंनी डोळ्यांनी पाहायचे होते.

सभेला निदान पाच जणी हव्यात, असा नियम. सभा घरीच ठेवली; नेमक्या पाचच जमल्या, आणि पाचवी स्वतः सुशीलाबाई.

"अध्यक्ष कोण?" केशवरावांनी विचारले.

"मी," वत्सला सतरंजीवरून म्हणाली.

"मग खाली काहून? खुर्चीत बसा."

"समोर आत्याबाई हायेत ना," सासूकडे पाहून तिने पदर सावरला.

तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन आलेली मंगला कापूस वेचणारी. ती म्हणाली, "मग आत्याबाईलेच बसवा खुर्चीत."

सुशीलाबाई बसल्या. केशवरावांनी लेखणी उघडली. "अध्यक्ष, सुशीलाबाई."

"लिहू नका बाबूजी. मले ते ठराव-बिराव येत नाही." त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

"चारच उरल्या. सभा होत नाही," केशवराव म्हणाले.

त्या परत आल्या. सून खुर्चीत बसलेली सासूला दिसू नये म्हणून मंडळातल्या शकुंतलेने मध्ये चादर धरली.

"मले चादर दिसून राहिली, मेंबर दिसत नाही," केशवराव म्हणाले.

शेवटी सून खुर्चीत आणि सासू त्याहून उंच, या हिशेबाने सुशीलाबाईंना टेबलावर चढवण्यात आले. टेबल करकरले.

"सभा हाय का गणपतीची स्थापना? मी चाललो. खोली तो दाणेवालाही मांगून राहिला." केशवराव उठले.

सुशीलाबाई खाली उतरल्या. "वत्सला, बस खुर्चीत."

"आत्याबाई, तुमच्यासमोर कसं..."

"सासूचा शब्द मोडून राहिली का तू?"

वत्सला बसली. बसल्याबरोबर तिचा आवाज बदलला. "सभा सुरू. मधात कोणी बोलायचं नाही. बोलायचं असन तं हात वर करा."

त्या घरात सुशीलाबाईंना असे कोणी बजावले नव्हते. खोलीचा ठराव मंजूर झाला. केशवरावांनी सही केली.

"आता लेकरं कोण सांभाळन?" वत्सलेने विचारले.

सगळ्या सतरंजीकडे पाहू लागल्या. सुशीलाबाईंनी हात वर केला, आणि तो तसाच धरून ठेवला.

"बोला," अध्यक्ष म्हणाल्या.

"मी सांभाळतो. माहा पोरगा मधुकर, म्हणजे हिचा नवरा, तान्हा होता तवा मले दूध नव्हतं. मंगलाच्या मायनं त्याले पाजलं. ते अजून फेडाचं हाय."

मंगलाने कडेवरची पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

वेचणी सरेपर्यंत त्या पोरीने दुसरी मांडी मानली नाही. शेवटच्या दिवशी मंगला तिला न्यायला आली.

"फिटलं बाई, मायचं सारं फिटलं."

"फिटलं तं फिटलं," सुशीलाबाई पाळण्याची दोरी न सोडता म्हणाल्या. "आत्ताच झोपली हाय. उठवू नको."