पाऊणरावांनी टबाच्या तीन भिंती छतापर्यंत नेल्या त्याची हकीकत

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी न्हाणीघरातील जुनी टाइल पहिल्या घावास फुटली आणि मोहिमेस आरंभ जाहला. या मोहिमेत कोण कसा लढला, कोठे चुकला आणि कोठे सावरला, हे पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी वेगवेगळे होईल, करिता जे जसे घडले ते तसे, वार आणि वेळ यांसह, येथे लिहिले आहे. पदरचे काही घातलेले नाही आणि कोणाची भीड धरून काही गाळलेले नाही.

ऐसियास, पाऊणराव हे त्यांचे जन्मनाव नव्हे. कचेरीत इतरांचे नकाशे तपासावेत आणि रेघ केसभर वाकडी दिसली तरी तांबड्या शाईने परत धाडावेत, ऐसा त्यांचा हुद्दा आणि तैसा दरारा. परंतु घरी हाती घेतलेले काम चौथाईने उणे राही. गॅलरीचा रंग शिडी पोहोचली तेथवरच चढला. स्वयंपाकघरातील कपाटास चार दारे योजिली, तीन बसली आणि चौथे सहा वर्षे पलंगाखाली मुक्काम करून होते. हे सारे दोन वर्षांमागे सासूबाईंनी एका दुपारी कमरेवर हात ठेवून पाहिले आणि जावयास पाऊणराव हा किताब बहाल केला, आणि तो सगेसोयऱ्यांत इतका रुजला की खुद्द घरच्या बाईसाहेबही अनवधानाने तो दोन-चार वेळा वापरून बसल्या.

टबाभोवतीच्या भिंतीही पाऊणच होत्या. खांद्याएवढ्या टाइल्स, वरती रंग, आणि त्या रंगावर दरसाल बुरशीची काळी फौज उतरे, मग दरसाल पाऊणराव ब्रश घेऊन तिजवर चालून जात आणि तीन महिन्यांत ती पुन्हा तळ देई. नव्या टाइल्स आठ महिन्यांमागे निवडून विकत आणल्या, त्याही खोक्यांतच पडून होत्या. अशात सासूबाईंचा फोन आला. गुडघ्याची शस्त्रक्रिया उरकली, डॉक्टरांनी कोमट पाण्यात पाय सोडून बसावयास सांगितले, तरी येत्या रविवारी नव्हे, त्यापुढल्या रविवारी अकरा वाजता येते. न्हाणीघर पुरे असेल तर महिनाभर राहीन, अर्धवट असेल तर त्याच पावली धाकटीकडे जाईन, ऐसे फर्मान. पाहुण्यांच्या खोलीतील चादर बाईसाहेबांनी त्याच दिवशी बदलली, उशीला नवा अभ्रा घातला आणि तो दोनदा हाताने सारखा केला, हे पाऊणरावांनी दारातून पाहिले. मग रजा टाकली. मग बाईसाहेबांचा हुकूम एका शब्दात सुटला, तो ऐसा की छतापर्यंत.

शनिवार आणि रविवार जुना कोट पाडण्यात गेले. त्याआधी नळ काढला, आणि त्याच्या मुळाशी भोक झाकणारी जी चकचकीत गोल चकती असते ती हरवू नये या दूरदृष्टीने पाऊणरावांनी कामाच्या पँटच्या मागल्या खिशात घातली आणि वरून थोपटली. टाइल्सबरोबर गिलावाही ढासळला, तो सोमवारी नवा केला. पाणी बंद असल्याकारणे उभयता रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून खालच्या मजल्यावरील मिस्त्रीकाकांकडे अंघोळीस जात. हे काका चाळीस वर्षे लोकांच्या भिंती सरळ करून निवृत्त जाहलेले, आणि वरून येणारा प्रत्येक ठोका ऐकून तो चुकला की बरोबर, हे खुर्चीत बसून सांगणारे.

मंगळवारी सकाळी पाऊणरावांनी टबाच्या काठास पहिली टाइल टेकवली आणि एका ओळीस सोळा याप्रमाणे दुपारपर्यंत तीन ओळी चढविल्या. बारा वाजून चाळीस मिनिटांनी काका पाणसळ घेऊन वर आले आणि ती त्यांनी तिसऱ्या ओळीवर ठेविली, तो आतला बुडबुडा मध्ये न थांबता सरळ एका कडेस जाऊन बसला. टब मुळातच एका अंगास बोटभर खचलेला होता आणि पाऊणरावांनी त्यास सपाट मानून सारी फौज त्याच्या भरवशावर उभी केली होती.

"दुसऱ्यांच्या रेघा तपासता ना तुम्ही?" काका म्हणाले. "मसाला ओला आहे तोवर उतरवा. टब आणि छत, दोघांवरही विश्वास ठेवू नका."

मग अठ्ठेचाळीस टाइल्स उतरल्या आणि अठ्ठेचाळीसही बादलीत धुतल्या गेल्या. काकांची तजवीज ऐसी की, सर्वांत खालची ओळ मोकळी सोडावी, तिच्यावर पाणसळीने लाकडी पट्टी ठोकावी, पट्टीवरून वर चढत जावे आणि खालची ओळ टबाच्या खोडीप्रमाणे कापून मागाहून बसवावी. पाऊणरावांनी ते मान्य केले आणि संध्याकाळपर्यंत दोन ओळी खऱ्याखुऱ्या सरळ उभ्या केल्या. तेव्हा बाईसाहेब कामावरून आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि तळाची सबंध मोकळी ओळ न्याहाळू लागल्या.

"खालचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

"ते मागून."

"मागून," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या, आणि तेथून बराच वेळ भांड्यांचा आवाज मोठा येत राहिला. पाऊणरावांस तो आवाज काकांच्या टोमण्याहून अधिक लागला. बुधवारी वरती आणखी सहा ओळी चढल्या. गुरुवारी त्यांनी पट्टी काढून खालच्या ओळीच्या सोळाही टाइल्स कापून बसविल्या आणि बाईसाहेब येण्याच्या वेळी मुद्दाम दाराशी घुटमळले. बाईसाहेबांनी वाकून पाहिले. भांड्यांचा आवाज त्या दिवशी बेताचा होता.

शुक्रवारी छताशी सामना पडला. टब डावीकडे झुकलेला, तर छत उजवीकडे, जणू घर बांधणाऱ्याने दोघांत वैर लावून दिलेले. वरच्या सोळा फटींची सोळा मापे, एकही दुसरीसारखी नाही. पाऊणराव शिडीवर चढून माप घेत, उतरून कापत, पुन्हा चढत, आणि ऐसे करता पंधरा बसल्या. चार वाजून वीस मिनिटांनी सोळावी, कोपऱ्यातली, कटरखाली तिरपी फुटली. शिलकीत दुसरी नव्हती. दुकानदारास फोन केला, तो म्हणाला की हा रंग सहा महिन्यांमागेच बंद जाहला.

पाऊणराव टबाच्या काठावर बसले. तेवढ्या कोपऱ्यास पांढरा रंग फासावा, वर कोण बघतो, हा विचार जुन्या ओळखीने त्यांच्याजवळ येऊन बसला, आणि त्यांनी त्यास ताबडतोब उठविले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. इतक्यात बाईसाहेब आल्या. फुटलेले तुकडे पाहिले, वर मोकळा कोपरा पाहिला, नवऱ्याचे तोंड पाहिले आणि परत गेल्या. आल्या त्या एका हाती चहाचे भांडे आणि दुसऱ्या हाती त्याच्या बुडाखालची टाइल घेऊन. टाइल निवडताना दुकानातून नमुना म्हणून आणलेली, ती आठ महिने जेवणाच्या टेबलावर गरम भांड्याखाली चाकरी करीत होती, आणि तिच्या मध्यावर भांड्याच्या बुडाएवढे एक फिकट वर्तुळ उमटले होते.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. "एकच आहे."

मग भांडे ओल्या फरशीवर ठेवून त्यांनी टाइल दोन्ही हातांनी धरली आणि पाऊणरावांनी श्वास रोखून रेघ मारली. पाच वाजून दोन मिनिटांनी ती कोपऱ्यात बसली, आणि पाणसळीचा बुडबुडा मध्ये थांबला. शनिवारी सांधे भरले, नळ चढविला, टबाची कड सिलिकॉनने बंद केली, आणि चोवीस तास पाणी लागू द्यावयाचे नाही, ही शर्त अकरा वाजून चाळीस मिनिटांपासून लागू जाहली. येणेप्रमाणे दहा ओळी, एकशे साठ टाइल्स, तीन भिंती, तळापासून छतापर्यंत काबीज जाहल्या. बुरशी नामोहरम जाहली. काकांनी तपासणी करून फक्त "हं" केले, आणि ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्या मते याहून मोठे प्रशस्तिपत्र त्यांनी आजवर कोणास दिलेले नाही. फत्ते जाहली, ऐसी नोंद करून कागद वाळत ठेविला.

पुरवणी वर्तमान ऐसे. रविवारी अकरा वाजता सासूबाई काठी टेकीत आल्या आणि बॅग न उघडता दारापाशीच ठेविली. बारा वाजून पाच मिनिटांनी त्या टबात उतरल्या. पाऊणराव बाहेर भिंतीशी उभे राहिले. बाईसाहेबांनी आठवड्याचे धुणे यंत्रात घालावयास घेतले. पंधरा मिनिटे आतून नुसता पाण्याचा आवाज, मग तोही थांबला.

"जावईबापू," आतून हाक आली. दोन वर्षांत प्रथमच. "वरपर्यंत लावलीत हो."

पाऊणराव उत्तरास तोंड उघडतात तोच बाईसाहेबांनी कामाची पँट झटकली. मागल्या खिशातून चकचकीत गोल चकती निसटली, खणखणत फरशीवर पडली, कडेवर उभी राहून न्हाणीघराच्या दाराकडे घरंगळत गेली आणि उंबऱ्यापाशी गरगर फिरून आडवी जाहली. आत नळाच्या मुळाशी दोन बोटांचे भोक उघडे होते, सासूबाईंच्या पायांच्या अगदी समोर.

"काय पडलं?" आतून विचारणा जाहली.

पाऊणरावांनी बाईसाहेबांकडे पाहिले. त्या दोन पावले पुढे आल्या आणि त्यांनी चकतीवर हलकेच पाय ठेविला. चेहऱ्यावर काही नव्हते. आता बारा वाजून तेवीस मिनिटे जाहली आहेत. पाय चकतीवर आहे, बॅग दारापाशी आहे, आणि उत्तर अद्याप गेलेले नाही.