निर्मनुष्य देवळाची मोहीम

श्री. दुसऱ्याच्या सहलीचे फोटो पाहता पाहता ज्यांस जांभई आली, परंतु खाली 'अप्रतिम' ऐसेच ज्यांणी लिहिले, त्या समस्त सोशिक जनांस विदित व्हावे. राजश्री कॅमेराबहाद्दर यांणी पुरातन देवळाची चौकट निर्मनुष्य करून काबीज केली, ती हकीकत जैसी घडली तैसी, तिखटमीठ न लाविता, लिहितो.

मोहिमेचे मूळ साडूसाहेब. त्यांणी गतवर्षी कोण्या राजवाड्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर चढविला. त्यात माणसाचा मागमूस नाही, नुसत्या कमानी आणि ऊन. आप्तवर्ग थक्क जाहला आणि खुद्द बहाद्दरांच्या पत्नीने, भावोजींची नजरच वेगळी, ऐसे भर जेवणात उद्गार काढिले. तो शब्द काळजात रुतला, आणि मग अन्न गोड लागेना, आणि मग नवी लेन्स आली, तिपाई आली, ऑफिसातून रजा मंजूर जाहली आणि पत्नी व मातोश्री यांसह खासा स्वारी कूच करती जाहली.

मातोश्रींचे गुडघे नादुरुस्त. त्या आल्या त्या एकाच मनसुब्याने. घरच्या यच्चयावत फोटोंत चिरंजीव कोठेच नाहीत, कारण काढणारे तेच. तेव्हा तिघांचा एक फोटो, चिरंजिवांसकट, देवळात व्हावा. इतक्या पायऱ्या पुन्हा चढणे आपल्याने होणार नाही, ऐसा अर्ज त्यांणी पायथ्याशीच गुदरिला. "होईल गं आई, आधी माझा एक काढू दे," ऐसा हुकूम सुटला आणि अर्ज दप्तरी दाखल जाहला.

मग बहाद्दरांनी फरशीवर पालथे पडून मुलूख न्याहाळिला. समोर सभामंडप, खांबांच्या दोन रांगा, मध्ये उन्हाची तिरीप, आणि तिरिपेत गनीम. पिवळ्या टोप्यांची सहल-फौज झेंडेवाल्या वाटाड्यामागे चालून आली. ती खांबागणिक थांबे, खांबागणिक हसे आणि कोणाचीतरी पिशवी राहिली म्हणून पुन्हा फिरून येई. ती हटली, तो एक नवपरिणीत जोडपे उंबऱ्यावर ठाण मांडून, हनुवटी कधी वर कधी खाली करीत, आपलेच फोटो काढू लागले. बहाद्दरांनी प्रथम खाकरून पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि मग सामोपचारे, पलीकडच्या जुन्या गल्लीत उजेड याहून सरस आहे, ऐसी थाप मारून त्यांस वाटेस लाविले. गल्लीत गटाराचे काम निघाले होते, हे बहाद्दरांस पक्के ठाऊक होते. परंतु मोहिमेत ऐसे चालते.

परके हटले, तेव्हा स्वपक्षाची पाळी आली. पत्नीस दूर होण्याचे फर्मान सुटताच ती बाहेरच्या कट्ट्यावर फोनात तोंड खुपसून बसली. उरल्या मातोश्री. आता तरी आपला फोटो होईल, या आशेने केस सारखे करून त्या ऐन मध्यभागी उभ्या.

"आई, फ्रेममध्ये येतेयस. त्या खांबामागे हो बघू जरा."

मातोश्री खांबामागे गेल्या. तेथे बसावयास जागा नव्हती.

ऊन सरकू लागले, राखणदाराने देऊळ बंद करण्याची शिटी फुंकिली, आणि ऐन त्या घटकेस, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, ऐसा योग येऊन बहाद्दरांनी कळ दाबिली आणि चौकट हस्तगत जाहली. आनंद गगनात मावेना. मातोश्री खांबाआडून पुसत्या जाहल्या, "झाला का रे? येऊ का आता?" तो राखणदार दारे लोटीत आला. बहाद्दरांनी, फक्त एकच फोटो, ऐसी विनंती केली. राखणदाराने, इतका वेळ इथेच लोळत होता ना तुम्ही, ऐसा सवाल टाकिला. तिघांचा फोटो राहिला.

मुक्कामी फोटो थोरला करून पाहता डाव्या अंगाच्या खांबावर चार बोटे आढळली. मातोश्रींची. पाय भरून आले म्हणून त्यांणी खांब धरिला होता. बहाद्दरांनी क्षणभर विचार केला. खोटे कशास लिहावे, क्षणभर केला. आणि मग फोनच्या हिकमतीने बोटे पुसून त्या जागी दगड भरिला. दगड बेमालूम बसला. फोटो ग्रुपवर चढताच वाहवांची सरबत्ती सुरू जाहली. साडूसाहेबांनी मात्र केवळ एक अंगठा धाडिला, आणि साडूसाहेब खचले, ऐसा अर्थ बहाद्दरांनी त्यातून काढिला.

मग फोन मातोश्रींपुढे धरिला. त्यांणी चष्मा लाविला, फोन दूर नेला, जवळ आणिला, आणि डावीकडल्या त्या खांबावर बोट ठेविले.

"छान आलंय रे देऊळ. मी इथेच होते ना?"

बहाद्दरांनी होकारार्थी मान डोलाविली. येणेप्रमाणे निर्मनुष्य चौकटीची फत्ते जाहली. आपले माणूस एक खर्ची पडले. गनिमाकडील कोणी नाही.