अकराशे ओळींची मालकीण

मृणालीने शुक्रवारी एकच फाइल आवरली. उरणच्या त्या ऑफिसात कंटेनर ट्रेलरांच्या फेऱ्यांचं सॉफ्टवेअर चाले, आणि ट्रेलरने बंदराच्या गेटवर किती वाजता पोचायचं हे ठरवणारी अकराशे ओळींची फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडली होती. मृणालीने ती योग्य जागी हलवली, तिचं नाव बदललं आणि जाता जाता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही सारखी केली. नोकरीत कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते. तेवढीच टापटीप दिसली असती.

सोमवारी बंदराने गेटच्या वेळा बदलल्या. फाइलला ते झेपलं नाही. दोन ट्रेलर अर्धा तास उशिरा पोचले आणि गेटवरून परत आले. मालक केतनशेठनी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट उघडलं. अकराशेच्या अकराशे ओळींसमोर मृणालीचं नाव.

"सगळं तूच लिवलंस?"

"नाही शेठ, मी फक्त हलवलं."

"मग हे जुनी फाइल काढून नवी टाकली असं का दाखवतंय?"

"फाइल हलवली याची वेगळी नोंद गिट ठेवत नाही. जुनी आणि नवी किती सारख्या दिसतात, त्यावरून अंदाज करतं. मी मोकळ्या जागा बदलल्या, त्यामुळे त्याला ओळख पटली नाही."

"म्हणजे पुरावा नाय."

दुपारपासून ड्रायव्हरांचे फोन तिच्याकडे वळवले गेले. ऑफिस सांभाळणाऱ्या कोकिळाताईंनी तर 'गेटच्या वेळा : मृणाली' असा कागद तिच्या नंबरासकट भिंतीवर चिकटवला.

मंगळवारी तिने गिटला मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करून, हललेल्या ओळींचा माग काढायला लावलं. तिचं नाव गेलं आणि सगळीकडे रत्नपालचं आलं. रत्नपालने दोन वर्षांपूर्वी इथली नोकरी सोडली होती आणि आता तो श्रीवर्धनला सुपारीची वाडी बघत होता. केतनशेठनी त्याला तिच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"ती फाइल? मी नाय लिवली, शेठ," रत्नपाल शांतपणे म्हणाला. "जुन्या सिस्टीममधनं उचलून इकडं ठेवली फक्त. तवापासून माझ्या नावावर हाय."

"मग लिवली कोणी?"

"चार वर्षं मी तेच शोधत होतो."

केतनशेठनी फोन मृणालीकडे सरकवला.

"रत्नपालदादा, मग शेवटी तुम्ही काय केलंत?" मृणालीने हळूच विचारलं.

"नोकरी सोडली. तुमची वाडीबिडी हाय का कुठं?"

मृणालीची वाडी नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिली ओळ वाचायला घेतली.