शेख सरांची चिंचेची टोपली

शेख सरांकडे भांडायला जाणाऱ्याला आधी चिंचा फोडाव्या लागत. ही अट कुठल्या सरकारी परिपत्रकात नव्हती, पण एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या शाळेत ती परिपत्रकापेक्षा कडक पाळली जायची.

सर आमचे मुख्याध्यापक. त्यांची खुर्ची ऑफिसात कधी नसायचीच. ती बाहेर व्हरांड्यात, फाटकाकडे तोंड करून. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी, आणि मध्ये शाळेच्याच झाडाच्या चिंचांची टोपली. कोणी बाप तणतणत आला की सर टोपली त्याच्यापुढे सरकवत.

"बसा भाऊ. हात रिकामा असला का तोंड लय चालते."

माणूस बोलता बोलता टरफल काढायचा, मग शिरा, मग चिंचोके. चिंचोका काढताना कोणालाच फार वेळ ओरडता येत नाही. फोडलेल्या चिंचा पोषण आहाराच्या वरणात जायच्या. निकालाच्या आठवड्यात आमचं वरण इतकं आंबट व्हायचं, की पोरं तोंड वाकडं करून जेवत. एकदा तपासणीला आलेले साहेबही चिंचा फोडत बसले आणि तपासणी तशीच राहून गेली.

मी तेव्हा ब्रह्मपुरीहून नवीन आले होते. चाचणीत एका पोराला कॉपी करताना पकडलं आणि शून्य दिलं. त्याचा बाप ठेकेदार, चार ट्रकांचा मालक. दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन आला. मी वर्गाच्या खिडकीतून ऐकत होते. नोकरी गेली असंच मी धरून चालले होते.

"बाईनं वर्गात माह्या पोराची माफी मागावी. नाईतर बदलीचा अर्ज गडचिरोलीले जाते."

सरांनी टोपली सरकवली.

"मी चिंचा फोडाले नाई आलो, सर."

"मंग बसा. माह्या फोडून होऊ द्या."

सर खाली मान घालून चिंचा फोडू लागले. माणसं उभी राहून राहून कंटाळली आणि पायरीवर टेकली. ठेकेदारही शेवटी खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं त्यानं एक चिंच उचलली.

"पोरानं कॉपी केली का नाई?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"केली असन."

"मंग शून्य राहीन. अन् बाईचं काई चुकलं असन, तर ते मी तिले आत सांगन. तुमच्यापुढं नाई. अर्ज द्याचा असन तर माह्यावर द्या. मीच सांगतलं होतं, असं लिहा."

त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. अर्ज काही गेला नाही.

ठेकेदार गेल्यावर सरांनी मला आत बोलावून दार लोटलं. "शून्य बरोबर. पण पोराले साऱ्या वर्गापुढं चोर म्हनलं, ते बरोबर नाई. उद्या त्याले जवळ बसवजा." मला रडू आलं. सर गडबडले आणि त्यांनी माझ्यापुढेही ओंजळभर चिंचा ठेवल्या.

खुर्ची बाहेर काऊन, असं मी एकदा विचारलं होतं. "माह्या पहिल्या शाळेत लोक माह्यावर धावून आले, तवा हेडमास्तरनं आतून कडी लावली. बाहेर मी एकटाच. तवापासून मले आतली खुर्ची जमत नाई."

मग सर निवृत्त झाले आणि चार्ज माझ्याकडे आला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बल्लारपूरला सासरी. बाजारामागच्या घरात ते एकटेच राहतात. या ना सर, असं मी किती वेळा म्हटलं, पण ऐकतील तर शपथ. "जुना हेडमास्तर शाळेत दिसला का लोक नव्याचं आयकत नाईत," एवढंच म्हणायचे. माझ्यासाठी त्यांनी स्वतःलाच फाटकाबाहेर ठेवलं होतं.

एका दुपारी मात्र ते फाटकात उभे दिसले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा गंभीर.

"बाई, तक्रार आहे."

"कोणावर, सर?"

"तुमच्या शिपायावर. काल बाजारात भेटला. नमस्कार केला अन् निघून गेला. थांबला नाई."

मी टोपली पुढे सरकवली. सर पाहुण्याच्या खुर्चीवर बसले आणि चिंचा फोडू लागले. त्यांचा हात किती चपळ चालतो ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र एकेका चिंचेला ते खूप वेळ लावत होते. टोपली रिकामी झाली की उठावं लागतं, हा नियम त्यांचाच होता.

पुढच्या आठवड्यात सर पुन्हा आले; शाळेची घंटा घरापर्यंत ऐकू येत नाही, अशी तक्रार होती.

यंदा झाडाला चिंच कमी धरली आहे. मी बाजारातून आणून टोपली भरून ठेवते. सरांची तक्रार अजून मिटलेली नाही.