गोष्टीतलं बाथरूम

तक्रार विभागातला माणूस सहसा घरी भांडत नाही. दिवसभर वीज कंपनीच्या खिडकीत बसून "आपली गैरसोय झाली, माफ करा" म्हणत राहिलं, की आवाज चढवायची सवयच मोडते. ढमीचे बाबा तसेच होते. दुकानदारानं सुटे पैसे कमी दिले तरी ते त्यालाच थँक्यू म्हणायचे. आयुष्यात एकदाच त्यांनी कुणाला तरी फाडकन सुनावलं आणि नेमकं तेच त्यांच्या चार वर्षांच्या मुलीनं पाठ केलं.

झालं असं, की संध्याकाळी जेवणाआधी बाबा ढमीला नवं पुस्तक वाचून दाखवत होते. पुस्तकातला हत्ती नदीत उतरला, त्यानं सोंड वर केली आणि बाबांनी जीव तोडून हत्तीचा आवाज काढला. तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे काका उभे होते. वजनमापांचे निरीक्षक म्हणून रिटायर झालेले, एकटे राहणारे आणि कुठलीही गोष्ट जास्त झालेली न खपणारे.

"आवाज जरा जास्त होतोय," काका म्हणाले.

आता याच काकांच्या बाथरूममधून कित्येक दिवस पाणी झिरपत होतं आणि ते ठिबकत होतं ढमीच्या खाटेवर. खाट साऱ्या खोलीभर फिरवून झाली होती, ओल तिच्या मागे मागे येत होती. त्याच दिवशी सकाळी छताचा एक पोपडा ढमीच्या उशीवर पडला होता. बाबा अजून हत्तीच्या आवेशात होते.

"आधी तुमचं बाथरूम दुरुस्त करा, मग आमच्या हत्तीला नावं ठेवा!" ते गरजले, आणि त्यांनी दार धाडकन लावलं. मग परत येऊन त्यांनी पुढचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसला जाता जाता ते वर गेले आणि त्यांनी रीतसर माफी मागितली. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काका विरघळले. "उद्या प्लंबर बोलावतो," म्हणाले.

संध्याकाळी बाबांनी पुस्तक उघडलं. हत्ती नदीत उतरला, सोंड वर झाली, आवाज निघाला आणि बाबा पुढचं पान उलटायला लागले. ढमीनं पानावर हात ठेवला.

"बाबा, दार राहिलं."

"कुठलं दार?"

"हत्ती ओरडला की तू दार उघडतोस ना. बाथरूमचं म्हणतोस. मग धाडकन करतोस."

"अगं, ते गोष्टीत नाहीये."

"काल होतं."

लहान मुलांच्या लेखी गोष्ट म्हणजे पहिल्यांदा ऐकली ती. त्यात काना-मात्रा बदललेला चालत नाही. बाबांनी समजावून पाहिलं, दार न उघडता ते वाक्य म्हणून पाहिलं, दार उघडून कुजबुजून पाहिलं. "जोरात," ढमी म्हणाली, आणि तिचा ओठ बाहेर यायला लागला. शेवटी बाबांनी जिन्याकडे तोंड करून गर्जना केली आणि दार आपटलं. ढमी शहाण्यासारखी जेवली.

सकाळी प्लंबर आला आणि काकांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी बाबा वर जाऊन माफी मागत, काका कबूल होत, संध्याकाळी बाबा जिन्यात गरजत आणि सकाळी प्लंबर परत जाई. छताची ओल तेवढी नेमानं वाढत राहिली. दवाखान्यात नर्स असलेल्या आईनं एकदा स्वतः वाचून पाहिलं. "आईला रागवता येत नाही," असा शेरा मारून ढमीनं पुस्तक बाबांकडे दिलं. हे ऐकून बाबांनी आश्चर्यानं बायकोकडे पाहिलं.

अखेर बाबांनी काकांना खरं काय ते सांगितलं.

"माझा राग नाहीये हो. ते गोष्टीत आहे."

"कुठल्या गोष्टीत माझं बाथरूम आहे?" काकांनी चष्मा पुढे ओढला. "दाखवा."

बाबांनी पुस्तक नेऊन दाखवलं. काकांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत तपासलं, मागचं कव्हरसुद्धा. "यात हत्ती आहे, नदी आहे. बाथरूम नाही. उगाच मला बनवू नका," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. तेही धाडकनच.

पुढच्या रविवारी छताचा चांगला ताटाएवढा तुकडा पडला. ढमी तेव्हा खाटेवर नव्हती, एवढंच नशीब. आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती तशीच वर गेली आणि काकांना म्हणाली, "तुम्ही आज संध्याकाळी खाली या. स्वतःच्या कानांनी ऐका. आणि येताना ती खाट बघा."

काका आले. त्यांनी खाट पाहिली, छत पाहिलं आणि थोडे वरमून खुर्चीत बसले. बाबांनी वाचायला सुरुवात केली. हत्तीनं सोंड वर करताच ढमी काकांकडे वळली.

"तुम्ही इथे काय करताय? बाहेर जा. बेल वाजवा."

काका आईकडे पाहायला लागले. "जा ना, प्लीज," आई म्हणाली. काका बाहेर गेले. बेल वाजली. बाबांनी दार उघडलं आणि खरेखुरे काका समोर दिसताच सवयीनं म्हणाले, "या ना, बसा."

"चुकलं!" आतून आवाज आला.

पुन्हा बेल. "काका, आपली गैरसोय झाली…"

"चुकलं!"

काका गुडघा चोळत म्हणाले, "अहो, म्हणून टाका एकदाचं. किती वेळ उभं राहू इथे?"

तेव्हा बाबांनी डोळे मिटून वाक्य म्हटलं आणि दार आपटलं. बंद दाराआडून काकांचा आवाज आला, "बरं बरं, उद्या दुरुस्त करतो!" ढमीनं खूश होऊन टाळ्या वाजवल्या. आई पहिल्यांदाच निर्धास्त झोपली.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा छत ठिबकतच होतं. ढमी पुस्तक घेऊन तयार होती. हत्ती ओरडला, लगोलग बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून.

"प्लंबर नाही आला?" बाबांनी विचारलं.

"आला होता की. पाठवला परत."

"का?"

"अहो, असं काय करता?" काकांनी आत डोकावून ढमीला हात केला आणि आवाज खाली आणला. "बाथरूम दुरुस्त झालं तर तुम्ही मला काय सुनावणार? आणि मी रोज यायचं कशाला? ती म्हणाली ना, गोष्ट बदलायची नाही."

बाबांचे कान लाल झाले, गळ्याची शीर फुगली.

"आधी तुमचं बाथरूम दुरुस्त करा!" ते असे ओरडले, की सगळ्या जिन्यातली दारं उघडली. "मग आमच्या हत्तीला नावं ठेवा!"

दार आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. पलीकडून काका उत्साहानं म्हणाले, "बरं बरं, उद्या दुरुस्त करतो!"

ढमीनं समाधानानं पान उलटलं.

"बाबा," ती म्हणाली, "आज किती छान वाचलंस!"