तिघांत एक दोरी

मुखरूचा शेवटचा साधा दिवस वांग्यांवरून सुरू झाला. आठवडी बाजारातून त्याने मोठ्या हौसेने आणलेली वांगी मंजुषाने चिरली, तेव्हा निम्मी किडकी निघाली.

"बाबा, पाहून तरी घ्यायची ना."

"पाह्यली ना. वरून त चांगली होती."

"आत किडे आहेत."

"मंग आता बाजारात बसून एकेक वांगं फोडू का? ते विकणारी बाई माह्यं डोस्कं फोडन."

भाजीचा बेत बारगळला, वरणभातावर भागलं. दुपारी मुखरूने अंगणातल्या खाटेवर झोप काढली. दिवस कलला तसा चर्चमध्ये जाऊन तो नेहमीसारखी प्रार्थनेची घंटा वाजवून आला. रात्री जेवताना त्याने वांग्यांचा विषय आपणहून पुन्हा काढला आणि पुन्हा हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषाने दोघांचा चहा टाकला आणि त्याला हाक मारली. तो उठला नाही.

मंजुषा गडचिरोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकांतली मरणं तिने ढिगाने वाचली होती. तिथे माणसं जाताना काहीतरी बोलून जात. तिचा बाप वांग्यांवर बोलून गेला होता. ती रडली नाही. कॉलेजला फोन करून 'घरी अडचण आहे' म्हणाली, नातेवाइकांना 'दुपारी या' म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या मागवल्या. "मंजुषा मोठी धीराची," असं सगळं गाव म्हणालं, आणि तेव्हापासून तिला तसं राहणं भाग पडलं.

एकच गोष्ट चुकली. त्यांच्या गावात, खैरटोल्यात, घंटा चर्चची असली तरी ऐकायचं काम सगळ्या गावाचं होतं. उपासनेची घंटा वाजे ती उड्या मारत, टणाटण. हत्तींचा कळप धानात उतरला किंवा कुठे आग लागली, की न थांबता, दम न घेता वाजे. आणि गावात कोणाही घरचं माणूस गेलं, मग ते घर कोणत्याही धर्माचं असो, मुखरू एक ठोका द्यायचा, त्याची गुणगुण पार विरेपर्यंत उभा राहायचा आणि मगच दुसरा द्यायचा. तो ऐकला की लोक हातातलं काम टाकत. कोणी बांबू आणी, कोणी लाकडं, कोणी त्या घरी तांदूळ पोचता करी. सगळ्या गावाला असं पोचवणाऱ्या मुखरूच्या वेळी मात्र घंटा वाजवायला कोणी नव्हतं. वनमजूर पोचूने दोरीला असा काही हिसका दिला की ती वरच्या चाकावरून निसटली आणि हारासारखी त्याच्याच गळ्यात पडली. घंटा वर वाकडी होऊन अडकून बसली.

"जाऊ द्या, मंजुषाबाई," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते. "देवाला घंटेशिवायही ऐकू येतं."

मंजुषाने 'बरं' म्हणून मान हलवली होती.

आता रविवारी मुखरूची स्मरण-उपासना ठरली, तेव्हा पाळकसाहेबांनी खिशातून मोबाइल काढला. "यात घंटेचं रेकॉर्डिंग आहे. परदेशातल्या मोठ्या चर्चचं. स्पीकरला जोडलं की झालं."

"नको," मंजुषा म्हणाली. "आम्ही वाजवू."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिने तेवढा पुढचा विचार केला नव्हता. पण मागच्या बाकावरून इंदुताई उठल्या. चर्चमधली गाणी त्या चालवत, आणि चर्चमधलं कोणतंच काम आपल्याविना होऊ नये अशी त्यांची श्रद्धा होती. तिसरा भिडू आपणहून आला. रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान असलेल्या गुलाम रसूलने वर चढून चाक दुरुस्त केलं होतं. खाली उतरून हात पुसत तो म्हणाला, "मीबी शिकतो, ताई. उद्या अटकली त लोक घंटेले नाई, माह्या वेल्डिंगले नाव ठेवतीन."

शिकवायला कोणी नव्हतं. मुखरूला कोणी विचारलं तर तो म्हणे, "त्याच्यात का शिकाचं हाय? वढाची न् सोडाची." त्यात ओढणं सगळ्यांना येत होतं, सोडणं कोणालाच नाही. आठवडाभर त्यांनी घंटेच्या आतल्या लोलकाला गोणपाट बांधून मुक्याने सराव केला. पहिल्याच दिवशी घंटेने उलट ओढ घेतली आणि इंदुताई दोरीसकट जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"सोडा, ताई, सोडा."

"सोडली त पडीन ना मी."

"मंग धरून ठेवा."

"धरून ठेवली त वर जाईन. काहीतरी एक नक्की सांगा ना, भाऊ."

शनिवारी दुपारी गोणपाट काढलं. हा नुसता सराव आहे असं गावाला आधी कळवायला हवं होतं, हे तिघांनाही मान्य होतं. मंजुषाला वाटलं, गुलाम रसूलचं दुकान रस्त्यावर आहे, तो सांगेल. गुलाम रसूलला वाटलं, इंदुताईंना माहीत आहे म्हणजे गावाला माहीत आहे. इंदुताईंना प्रथमच असं वाटलं होतं की एखादी गोष्ट आपण सांगत सुटू नये.

"पयला हात मंजूचा," इंदुताई म्हणाल्या. "मंग आळीपाळीनं. तिघांत एक दोरी हाय, कोणी हिसकाहिसकी कराची नाई."

मंजुषाने दोरी ओढली आणि वेळेवर सोडली. वर असा भरदार ठोका पडला की तिघंही तोंडं वर करून ऐकतच राहिले.

"का वाजली वो," इंदुताई म्हणाल्या. "घ्या, रसूलभाऊ. आता तुमी."

"नाई, नाई. पहले तुमी, ताई. तुमी मोठ्या."

"मोठी काऊन? चाक तुमी बसवलं."

"चाक बसवलं, पण मान तुमचा."

हा मानपान संपेपर्यंत वरची गुणगुण पार विरली होती. मग इंदुताईंनी ओढली. पुन्हा तिघं ऐकत राहिले, पुन्हा दोरी एकमेकांकडे सरकवली गेली, पुन्हा कोणीतरी 'तुमी घ्या' म्हणालं. असे बरेच ठोके झाले. एकाहून एक चांगले. मंजुषाला वाटलं, जमतंय.

खिडकीशी उभ्या गुलाम रसूलचं बाहेर लक्ष गेलं. "ताई, रस्त्यानं लोक चालले. डोक्याले दुपट्टे बांधून. त्या माणसाजवळ बांबू हाय."

इंदुताई खिडकीत आल्या. "अरे देवा. कोणीतरी गेलं वाटते."

गुलाम रसूलने डोळे मिटून पुटपुटत दुवा केली. इंदुताईंनी पदर डोक्यावर घेतला.

"मंग आपल्याले मयताची वाजवा लागन," इंदुताई हळूच म्हणाल्या. "येते का कोणाले?"

मंजुषाने दोरीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"आपण तीच वाजवतो आहोत," ती म्हणाली. "मघापासून."

लोक चर्चसमोरच्या लटारूच्या घराकडे वळले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. लटारू गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस. पावसाळ्यापासून त्याने खाट सोडली नव्हती. नाव कोणी घेतलं नाही, पण पावलं सगळ्यांची एकाच दारात गेली. लटारूची सून गुणाबाई शेतातून धावत आली, अंगणात बांबू पाहिला आणि तिथेच बसकण मारून तिने हंबरडा फोडला. सकाळीच ती सासऱ्याला 'जीव खाल्ला माहा' म्हणाली होती, त्यामुळे रडण्याला जास्तच धार होती.

"माह्या देवमाणसाले मी वाईट बोलली वो, बाई..."

"गुणा," आतून आवाज आला. "कोण गेलं वो?"

गुणाबाईचा हंबरडा मधेच अडकला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. लटारू जिवंत निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण घंटा तर सगळ्यांनी ऐकली होती. मग बांबू घेऊन सगळे शकुबाईच्या दाराशी गेले. तिचाही खोकला बऱ्याच दिवसांचा होता. शकुबाईने दार किलकिलं केलं, बांबू पाहिला आणि म्हणाली, "मी नाई. पुढचं घर पाहा."

हे सगळं चर्चच्या खिडकीतून स्पष्ट दिसत होतं.

"जाऊन सांगते," मंजुषा निघाली.

"आता जाशीन त त्या बांबूनंच हाणतीन," इंदुताईंनी तिचा हात धरला. "आता सांगाचं नाई. आता उपासनेची वाजवाची. म्हणजे त्याईलेच समजन का मयत नाई."

"हां, भराभर वाजवू," गुलाम रसूल म्हणाला. "बीचमें रुकाचं नाई. थांबलो म्हूनच गडबड झाली."

मानपान आता कोणाला सुचला नाही. तिघांनी एकदम दोरी धरली आणि तिघांनी मिळून ओढली. घंटेने असा वेग घेतला की उड्या मारायला तिला उसंतच मिळेना. ती वाजत सुटली. न थांबता, दम न घेता.

मंजुषाच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. "थांबा. ही हत्तीची आहे. थांबा."

"कसं थांबू?" इंदुताईंचे पाय जमीन सोडत होते. "सोडाची का धराची?"

बाहेर धान पिवळं होऊन कापणीला आलं होतं. मागच्या वर्षी याच दिवसांत कळप आला होता. गावात भक्कम भिंतीची इमारत एकच होती. अंत्यविधीला निघालेला अख्खा घोळका जागच्या जागी वळला आणि चर्चच्या दिशेने सुटला. शकुबाई खोकला विसरून पळत आली. गुणाबाई शेळी घेऊन आली. बांबू आणणारा बांबूसकट आला. आणि या सगळ्यांच्या पुढे, अंगावरची वाकळ सावरत, पावसाळ्यापासून खाट न सोडलेला लटारू आला आणि थेट पहिल्या बाकावर जाऊन बसला.

घंटा आपल्या मर्जीने थांबली, तोवर चर्च गच्च भरलं होतं. नाताळातही एवढी माणसं येत नसत. शेवटी पोचू आला. त्याच्या एका हातात टेंभा होता, दुसऱ्या हातात फटाक्यांची माळ. दार लावून तो धापा टाकत म्हणाला, "फारेस्टच्या साहेबाले फोन लावला. गाडी निंघाली. हत्ती कोन्या अंगाले हायत?"

सगळ्यांच्या माना दोरीजवळच्या तिघांकडे वळल्या.

"कोणं पाह्यले हत्ती?"

"हत्ती नाई, पोचू," इंदुताई म्हणाल्या. त्यांचा आवाज गाण्यात कधीच लागला नसेल इतका बारीक लागला. "साहेबाले सांग, येऊ नोका."

चर्चभर एक मोठा सुस्कारा गेला. कोणी मटकन खाली बसलं, कोणी हसलं. धान वाचलं होतं. गुणाबाईने शेळीच्या गळ्यात हात टाकून डोळे पुसले. पोचूने टेंभा विझवला आणि फटाके खिशात कोंबले.

"बरं, हत्ती नाई," लटारू पहिल्या बाकावरून म्हणाला. "मंग पयली कोणाची होती?"

"कोणाची नाई, लटारूआजा," गुलाम रसूल म्हणाला. "शिकून राह्यलो होतो आम्ही. गलती झाली."

"गलती?" म्हातारा विचारात पडला. "मी आतून ऐकली ना. बराबर होती. ठोका द्याचा न् थांबाचं, ठोका द्याचा न् थांबाचं. मले वाटलं मुखरूच हाय. मंग म्हटलं, मुखरू त राह्यला नाई, म्हणजे मीच वर पोचलो का काय."

लोक हसले. लटारू हसला नाही.

"आता कसे उठून राह्यले, आज्या?" मागून पोचू म्हणाला. "रोज गुणाबाईच्या हातानं पाणी पेता."

"हत्तीपुढं कोणाचं दुखनं टिकते, रे? तू मधात बोलू नोको." लटारूने वाकळ खांद्यावर ओढली आणि तिघांकडे वळून पाहिलं. "हे पाहा. या गावात मयताची घंटा फोकट वाजली, असं मी जिंदगीत ऐकलं नाई. वाजली म्हणजे कोणीतरी गेलं. लोकाईनं कामं टाकली, बांबू आणला, माह्या सुनेनं रडून घेतलं. कोण गेलं तेवढं सांगा, म्हणजे आमी मोकळे."

"आजा, म्या सांगतलं ना..." गुलाम रसूल पुन्हा सुरू करत होता. इंदुताई माफी मागायला पुढे सरसावल्या. मंजुषाने दोघांच्याही हातांतून दोरी हळूच सोडवून घेतली. तिचे तळवे सोलवटले होते, भाजत होते. समोर सगळं गाव बसलं होतं, दुपट्टे बांधून, तयारीने, आणि तिच्या तोंडाकडे पाहत होतं.

"माहा बाबा गेला," ती म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मागे कोणीतरी डोक्याचा दुपट्टा सोडला.

"माहा बाबा गेला, लटारूआजा. त्या दिवशी वाजली नाई. सगळे म्हणाले जाऊ द्या, मी मान हालवली. पण मले नाई चाललं ते. मले बिलकुल नाई चाललं."