नागोजी अस्वलाचं नवं यंत्र

बाळांनो, एका जंगलात एक डोह होता. खूप खोल. कुठलं जंगल ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

डोहाच्या तळाशी चवदार शिंपले होते. नागोजी अस्वल हवेने फुगवलेली पखाल पाठीला बांधून, तिच्यातल्या हवेवर श्वास घेत, ते काढायला जायचा. पण आधी तो आणि त्याची बायको सावळी, दोघं काठावर बसायची. किती खोल जायचं, किती वेळ थांबायचं, सगळं ठरवायची. अर्धी पखाल रिकामी झाली की मागे फिरायचं, हा सावळीचा नियम.

एक दिवस पाणकावळा मनगटी यंत्र विकायला आला.

"हे घ्या नि डोकं घरी ठेवा," तो म्हणाला. "किती खोल आहात, कधी वर यायचं, सगळं हेच सांगतं."

"तुम्ही नाही घालत?" सावळीने विचारलं.

"मला कशाला, वहिनी? मला येते की डुबकी मारता."

नागोजीने यंत्र घेतलं. त्याला हळदकुंकू वाहिलं. उतरायच्या वेळी मात्र त्याला धीर होईना. एवढी नवी वस्तू भिजवायची? त्याने ती काठावरच्या जांभळीला टांगली.

"अहो, ठरवायचं नाही का?"

"अगं, आता यंत्र आहे ना!" म्हणत त्याने उडी मारली.

सगळे प्राणी जांभळीखाली जमले. यंत्र दाखवत होतं: खोली शून्य. धोका नाही. हवा तेवढा वेळ थांबा.

"वा! काय सुखात आहे नागोजी!" ससा म्हणाला.

सावळी पाण्याकडे बघत होती. बुडबुडे विरळ झाले. मग थांबले.

"अरे, ते बुडतायत!"

"वहिनी, यंत्रापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" माकड म्हणालं.

सावळीने उडी घेतली. नवऱ्याला कान धरून वर ओढलं. त्याचं पोट दाबलं. तोंडातून पाणी आलं, एक मासाही आला.

नागोजीने डोळे उघडले. "यंत्र काय म्हणतंय?"

"तुम्ही ठणठणीत आहात!" सगळे एका सुरात ओरडले.

"मग उगाच ओढलंस," नागोजी बायकोवर रुसला.

संध्याकाळी प्राण्यांनी शाल-श्रीफळ देऊन यंत्राचा सत्कार केला. त्याने नागोजीचा जीव वाचवला होता ना!

सावळी काही सत्काराला आली नाही. ती ओल्या अंगाने शेकोटीपाशी बसली होती, आणि नवऱ्याची पखाल फुंकून फुंकून पुन्हा फुगवत होती.

तात्पर्य: बाळांनो, यंत्राचं नेहमी ऐकावं. बुडताना मनाला फार बरं वाटतं.